अकॅडेमिक रीडिंगची तयारी: माशेलच्या एका परिचारिकेचा अनुभव

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम करायचे असेल, तर तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीसाठी इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. कौन्सिल मान्य करीत असलेल्या परीक्षांपैकी ओईटी खास आरोग्यसेवेतील लोकांसाठी आहे. परंतु २०२४ मध्ये तिची फी आयईएलटीएस या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेपेक्षा बरीच जास्त होती, म्हणून मी आयईएलटीएसची अकॅडेमिक परीक्षा द्यायचे ठरवले. कौन्सिलला एकूण ७ बँड (म्हणजे ९ पैकी श्रेणी) लागतो आणि शिवाय ऐकणे, वाचणे व बोलणे या प्रत्येकात किमान ७ आणि लेखनात किमान ६.५ लागतो. माझे घर गोव्यात माशेलला, नोकरी पणजीतील एका खासगी रुग्णालयात, प्राथमिक शिक्षण मराठी माध्यमातून आणि घरातले बोलणे कोकणीत. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणे, रुग्णांच्या नोंदी इंग्रजीत लिहिणे हे रोजचेच असल्यामुळे ऐकण्या-बोलण्याची मला तेवढी धास्ती नव्हती. धास्ती होती ती वाचनाची. माझ्या ओळखीच्या ज्या मुली या परीक्षेत अडल्या, त्यांतील बऱ्याच जणी याच भागात अडल्या होत्या, म्हणून हा लेख मुख्यतः वाचनाच्या तयारीविषयी आहे.

या भागात तीन लांब उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. तिन्ही उतारे मिळून २,१५० ते २,७५० शब्द होतात. ते पुस्तके, नियतकालिके, वर्तमानपत्रे यांतून घेतलेले असतात आणि सामान्य वाचकाला कळतील असे असतात, म्हणजे त्या विषयाचे खास शिक्षण असावे लागत नाही. प्रत्येक बरोबर उत्तराला १ गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ७ बँडसाठी ४० पैकी साधारण ३० उत्तरे बरोबर यावी लागतात. ६ साठी साधारण २३, तर ८ साठी साधारण ३५. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. मला या आकड्यांनी धीर दिला. सगळेच्या सगळे यायला हवे असे नाही, दहा प्रश्न चुकले तरी काम होते, हे एकदा मनात पक्के झाले की एखाद्या अवघड प्रश्नापाशी अडकून बसण्याची सवय हळूहळू सुटते.

तयारीला मी जून २०२४ मध्ये सुरुवात केली. पाळ्या दर आठवड्याला बदलत असल्यामुळे ठरावीक वेळेच्या शिकवणी वर्गाला जाणे शक्य नव्हते. रुग्णालयातील कामाहून परतताना बसस्थानकाजवळच पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय लागते. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे आणि आताच्या त्याच्या इमारतीत शांतपणे तासन् तास बसता येते. सकाळपाळी संपली की मी तेथे जात असे आणि संध्याकाळची माशेलची बस पकडत असे. घरी दूरदर्शन संच, पाहुणे, पावसात जाणारी वीज, यांत सलग एक तास मिळणे अवघड होते, आणि या परीक्षेला सलग एक तासच लागतो. ज्यांना घरी तो मिळत नाही त्यांनी आपल्या तालुक्यातील ग्रंथालय अवश्य पाहावे.

सरावासाठी केंब्रिजने छापलेले जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच मी वापरले. अशा प्रत्येक पुस्तकात चार पूर्ण परीक्षा असतात आणि मागे उत्तरे असतात. दोन पुस्तके विकत घेतली, बाकीची एका सहकारी ताईकडून मिळाली. आयईएलटीएसच्या अधिकृत संकेतस्थळावरही नमुना प्रश्न मोफत आहेत. इंटरनेटवर इतरांनी तयार केलेल्या सराव परीक्षा पुष्कळ सापडतात, परंतु त्यांतील प्रश्नांची बांधणी कधी कधी सैल असते आणि उत्तरांवरच वाद घालता येतो. मर्यादित वेळ असेल तर अधिकृत प्रश्नपत्रिकांपलीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिली प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवली तेव्हा २१ गुण मिळाले आणि तिसरा उतारा निम्म्याहून अधिक कोरा राहिला. त्या संध्याकाळी बसमध्ये खूप खचल्यासारखे वाटले. रोज इंग्रजीत काम करूनही वाचता येत नाही, म्हणजे आपण परदेशात टिकणार कसे, असा विचार मनात येत होता. ताईने माझी उत्तरपत्रिका पाहिली आणि एवढेच विचारले, "यातले किती तुला कळले नाहीत म्हणून चुकले, आणि किती कळूनही चुकले?" मी बसून मोजले. उतारा न कळल्यामुळे चुकलेली उत्तरे अगदी थोडी होती. बाकी सारी वेळ संपल्यामुळे राहिलेली किंवा उताऱ्यात नसलेले काहीतरी मनातून जोडल्यामुळे चुकलेली होती. माझी पुढची सगळी तयारी या एका मोजणीवर उभी राहिली.

पहिले काही आठवडे मी घड्याळ बाजूलाच ठेवले. एक उतारा घ्यायचा, हवा तेवढा वेळ लावून प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातील ज्या ओळीवर ते टेकलेले आहे ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करायची. ओळ सापडली नाही तर उत्तर लिहायचे नाही. उत्तरे तपासल्यावर चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवायचा: डावीकडे प्रश्नातील शब्द, उजवीकडे उताऱ्यातील शब्द, आणि खाली मराठीत एका वाक्यात, मी कशामुळे चुकले. प्रश्नपत्रिकांचा ढीग उपसण्यापेक्षा या वहीचा उपयोग मला कितीतरी पटींनी अधिक झाला. एक उतारा सोडवायला पंचवीस मिनिटे लागत असतील, तर तो तपासायला मी एक तास देत असे. महिनाभरात त्या वहीतून माझ्या चुकांची ठरावीक कुळे दिसू लागली आणि त्यांत सर्वांत मोठे कूळ 'नॉट गिव्हन'चे होते.

ज्यांनी ही परीक्षा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. या प्रकारात काही विधाने देतात. विधान उताऱ्याशी जुळत असेल तर 'ट्रू', उताऱ्यातील माहिती त्याच्या उलट असेल तर 'फॉल्स' आणि उताऱ्यात त्याविषयी काहीच नसेल तर 'नॉट गिव्हन' लिहायचे. उताऱ्यात लेखकाची मते असतील तर याचेच दुसरे रूप येते, तेथे 'येस', 'नो' आणि 'नॉट गिव्हन' असते. वाचताना हे सोपे वाटते. सोडवताना 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांतील सीमारेषा पुन्हा पुन्हा पुसट होते.

ती रेषा नीट दिसावी म्हणून मी आपल्या ओळखीच्या विषयावर स्वतःच एक छोटा उतारा तयार केला. आमच्या भागात कुंभारजुव्याच्या बाजूला खाजन शेती आहे. उताऱ्यात मी एवढेच लिहिले: खाजन जमिनी सखल असतात आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीचे बांध त्यांचे रक्षण करतात. बांधात बसवलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात आणि ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. अशा शेतात कोरगुट हे खारटपणा सहन करणारे भात घेतले जाते.

मग तीन विधाने केली. पहिले: प्रत्येक भरतीला मानशीची दारे बंद करण्यासाठी माणूस लागतो. उताऱ्यात दारे आपोआप बंद होतात असे आहे, म्हणून हे 'फॉल्स'. दुसरे: दारे फणसाच्या लाकडाची असतात. उताऱ्यात लाकडी एवढेच आहे, लाकूड कोणते ते नाही, म्हणून 'नॉट गिव्हन'. तिसरे: कोरगुटाचे उत्पन्न सुधारित जातींपेक्षा कमी असते. हे विधान मी काकांना वाचून दाखवले. त्यांनी आयुष्यभर खाजनात भात लावलेले आहे. ते लगेच म्हणाले, "अगो, खरेच आहे ते. त्यात शोधायचे काय?" आणि नेमके तेच मला हवे होते. ते खरे आहे हे काकांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, पण उताऱ्यात त्याचा उल्लेख नाही. परीक्षेच्या दृष्टीने उत्तर 'नॉट गिव्हन'. काकांना ते पटले नाही, त्यांना तो शेतीवरचा अन्यायच वाटला; मला मात्र त्या दिवसापासून ही सीमारेषा दिसू लागली. 'फॉल्स' लिहायचे असेल तर विधानाला खोडून काढणारी ओळ उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. नुसता उल्लेख नसणे त्याला पुरत नाही.

हे कळल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. परिचारिकेला आरोग्यावरचे उतारे सोपे जातील असे सगळे म्हणतात. माझे गुण सर्वांत कमी त्याच उताऱ्यांत होते. झोप, प्रतिजैविके, लसीकरण असा विषय आला की माझे शिक्षण उताऱ्याच्या पुढे धावत असे आणि नसलेली माहिती भरून काढत असे. याउलट ज्वालामुखी किंवा जुन्या काचकामावरचा उतारा मी कोऱ्या मनाने वाचत असे आणि उत्तरे बरोबर येत. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णाची माहिती देतो तेव्हा आपण नोंदीत आहे तेवढेच सांगतो, स्वतःचा अंदाज त्यात मिसळत नाही. तीच शिस्त मी ओळखीच्या विषयाच्या उताऱ्यांना लावायची ठरवले. ज्या वाचकांचा विषय शेती, संगणक किंवा इतिहास असेल त्यांनी आपापल्या विषयाच्या उताऱ्यांत विशेष जपून राहावे.

दुसरे मोठे कूळ परिच्छेदांना शीर्षके जोडण्याचे होते. शीर्षकांची यादी परिच्छेदांपेक्षा लांब असते, त्यामुळे काही शीर्षके उरतात, आणि उरणाऱ्या शीर्षकांत परिच्छेदातलेच एखादे ठळक उदाहरण मुद्दाम घातलेले असते. पहिली व शेवटची ओळ वाचून शीर्षक ठरवावे असा सल्ला सर्वत्र मिळतो. मला तो अपुरा वाटला, कारण कितीतरी परिच्छेदांत मुख्य मुद्दा मध्येच 'परंतु' या अर्थाच्या शब्दानंतर येतो. मी आधी संपूर्ण परिच्छेद वाचून त्याचा मुद्दा समासात मराठीत चार-पाच शब्दांत लिहीत असे आणि मगच यादीकडे पाहत असे. सरावाने हे लिहिणे मनातल्या मनात होऊ लागले.

प्रश्नांच्या क्रमाविषयीही सांगितले पाहिजे, कारण त्याने बराच वेळ वाचतो. 'ट्रू-फॉल्स'ची विधाने, वाक्ये पूर्ण करणे आणि पर्याय निवडणे यांचे प्रश्न उताऱ्याच्याच क्रमाने येतात. एकाचे उत्तर सापडले की पुढच्याचे त्याच्या खाली शोधावे. कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे हे विचारणारे प्रश्न मात्र क्रमाने नसतात. म्हणून मी ते शेवटी ठेवत असे. तोवर उतारा दोनदा डोळ्यांखालून गेलेला असतो. गाळलेल्या जागा भरताना शब्दमर्यादा प्रत्येक वेळी वाचावी. दोनपेक्षा अधिक शब्द नकोत असे सांगितले असेल आणि तीन लिहिले, तर बरोबर शब्द असूनही गुण जातो. स्पेलिंग चुकले तरी गुण जातो.

आषाढातला माशेलचा चिखलकाल्याचा उत्सव झाला, पावसाचा जोर ओसरू लागला आणि त्या सुमारास मी पुन्हा घड्याळ लावले. प्रत्येक उताऱ्याला वीस मिनिटे हे सरळ गणित मला जमले नाही. उतारे सहसा चढत्या काठिण्याने येतात, म्हणून पहिल्याला पंधरा-सोळा, दुसऱ्याला वीस आणि उरलेला वेळ तिसऱ्याला अशी वाटणी केली. एखाद्या प्रश्नाला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागू लागला तर अंदाजाने उत्तर लिहून पुढे जायचे, हे मनाविरुद्ध शिकावे लागले. प्रश्नपत्रिकेशिवायचे वाचनही चालू होते: गोव्यातील इंग्रजी वृत्तपत्रांचे अग्रलेख, विज्ञानावरचे लांब लेख, रात्रपाळीत वॉर्ड शांत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावरील माहितीपत्रके. शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यात मी वेळ घालवला नाही. एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या शब्दांत कशी सांगितली आहे, याकडे लक्ष ठेवले, कारण प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा क्वचितच येतो.

मध्यंतरी कागदपत्रांचे काम होते. भारतात या परीक्षेसाठी ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्टच लागतो, आणि नोंदणीत दिलेला पासपोर्ट परीक्षेच्या दिवशी मूळ स्वरूपात न्यावा लागतो. माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. नवा पासपोर्ट मिळाला की क्रमांक बदलतो, म्हणून आधी नूतनीकरण आणि मग परीक्षेची नोंदणी, असा क्रम ठेवला. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये होती. ऑनलाइन अर्ज, पणजीतील केंद्रात छायाचित्र व बोटांचे ठसे, मग पोलीस पडताळणी, असे सगळे व्हायला काही आठवडे लागले. चतुर्थीच्या सुट्ट्या मध्ये आल्या, तेव्हा हाताशी वेळ ठेवूनच हे काम काढावे.

चतुर्थीनंतर, सप्टेंबरच्या अखेरीस, मी डिसेंबरमधली तारीख निवडून १७,००० रुपये भरले. भारतात ही परीक्षा आता आयडीपी ही संस्था घेते आणि नोंदणी तिच्या संकेतस्थळावर होते. रक्कम मोठी होती. त्या महिन्यात भिशीचा हप्ता आणि ही फी एकत्र आल्यामुळे घरखर्चात ओढाताण झाली. फी भरल्यावर अभ्यासाला वेगळीच निकड आली, हेही खरे. संगणकावरची परीक्षा निवडल्यामुळे शेवटचा दीड महिना मी कागद जवळजवळ बंद केला. पडद्यावर डाव्या बाजूला उतारा आणि उजव्या बाजूला प्रश्न असतात, वर उरलेला वेळ दिसतो, हवा तो मजकूर रंगवून ठेवता येतो. कागदावर अधोरेखित करण्याची सवय झालेल्या डोळ्यांना पडद्यावर ओळ सापडायला सुरुवातीला फार वेळ लागला आणि गुण पुन्हा घसरले. ते पूर्ववत व्हायला तीन-चार आठवडे गेले. ज्या प्रकारे परीक्षा द्यायची आहे त्याच प्रकारे सराव लवकर सुरू करावा.

परीक्षेच्या दिवसांत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचा प्रदर्शन सोहळा चालू होता. २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत माशेलहून बाणस्तारीमार्गे पणजीला जाणाऱ्या रस्त्यावर गर्दी असे, म्हणून मी आदल्या रात्री पणजीत मावशीकडे मुक्काम केला. केंद्रावर पासपोर्ट तपासला, छायाचित्र आणि बोटाचा ठसा घेतला. मोबाइल, घड्याळ, पर्स बाहेर ठेवावी लागली. आत पाण्याची पारदर्शक बाटली चालते, तिच्यावरचा कागद मात्र काढून टाकावा लागतो. ऐकणे, वाचणे आणि लिहिणे हे तिन्ही भाग सलग होतात, मध्ये विश्रांती नसते, हे लक्षात ठेवून आधीच बाथरूमला जाऊन यावे.

वाचनातला पहिला उतारा ठरल्याप्रमाणे सुटला. दुसऱ्यात शीर्षके जोडताना दोन परिच्छेदांनी अडवले, तेव्हा अंदाजाने उत्तरे निवडून, खुणा करून मी पुढे गेले. तिसऱ्या उताऱ्यात 'येस-नो'ची विधाने होती. उताऱ्याची भाषा जड होती, पण प्रत्येक विधानापाशी मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होते: बोट ठेवता येईल अशी ओळ आहे का? शेवटची चार मिनिटे खुणा केलेल्या परिच्छेदांसाठी उरली आणि त्यातले एक शीर्षक बदलले. संगणकावर उत्तरे थेट भरली जातात. वाचनाच्या भागात उत्तरे उतरवायला जादा वेळ तेव्हा कागदावरच्या परीक्षेतही मिळत नव्हता. बोलण्याची परीक्षा वेगळ्या वेळी होती आणि ती पंधरा मिनिटांच्या आत आटोपली.

निकाल काही दिवसांतच ऑनलाइन आला. मी तेव्हा दुपारपाळीवर होते. औषधांची फेरी संपवून मगच मोबाइल उघडला. ऐकणे ८, वाचणे ७.५, लेखन ६.५, बोलणे ७ आणि एकूण ७.५. लेखनात अगदी काठावर निभावले. कुठे अर्धा बँड कमी पडला असता तर काय, याची चौकशी मी आधीच करून ठेवली होती, त्याचा इतरांना उपयोग होईल. बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र करण्याची मुभा कौन्सिल देते. मात्र दोन्ही वेळा लेखनात किमान ६ आणि बाकी प्रत्येक भागात किमान ६.५ असावे लागतात. निकालाबद्दल शंका असेल तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि बँड वाढला तर तिची फी परत मिळते. एकाच भागाची परीक्षा पुन्हा देण्याची सोयही संगणकावरच्या परीक्षेला आहे, पण ती सगळ्याच संस्था मान्य करतात असे नाही, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आपल्या संस्थेचा नियम वाचावा.

हा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे पुढची कामे त्या मुदतीत बसवावी लागतात. कौन्सिलच्या संकेतस्थळावर माझे खाते उघडून झाले आहे, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी व्हायची आहे आणि त्यानंतर संगणकावरची व्यावसायिक परीक्षा आहे. तिचा अभ्यास मी त्याच ग्रंथालयात, पाळ्या सांभाळून, सुरू केला आहे.